तू कोन इचारनारा?

आमच्या शेजारचे नाना टीव्हीला शिव्या देतात. टीव्हीतल्या माणसांना आपण सगळेच देतो. नाना खुद्द टीव्हीला देतात, आणि त्याने खाली मान घालून ऐकून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा असते.

भांडणाचं मूळ एका डब्यात होतं. त्यांच्या पुण्याच्या मुलाने टीव्हीला जोडायचा एक काळा डबा पाठवला होता, साबणाच्या वडीएवढा. इंटरनेटवरचं सगळं त्यातून टीव्हीवर दिसतं. फक्त बराच वेळ कोणी रिमोटला हात लावला नाही, की तो पडद्यावर विचारतो, 'तुम्ही अजून पाहत आहात का?' तुम्ही-आम्ही बटण दाबतो आणि विसरून जातो. नाना उठून उभे राहायचे.

"मना घर, मना टीव्ही, मनं लाइटबिल! मी पाही राहिनू का झोपी राहिनू, तू कोन इचारनारा?"

हे भिंतीपलीकडून आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत ऐकू यायचं. माझा स्वभावही काही थंड नाही. मी भिंतीवर मूठ आपटायचो. मग पलीकडून उत्तर यायचं, "ऐकू नही येत माले!"

नाना मूळचे शिंदखेड्याचे. तिथल्या कचेरीत मराठी टंकलेखक होते. निवृत्तीनंतर जळगावला घर घेतलं, पण जळगाव काही त्यांनी मंजूर केलं नाही. इथलं पाणी जड, इथली शेवभाजी मिळमिळीत, आणि इथली बोली तर त्यांच्या मते बोलीच नाही. मी जळगावशेजारच्या असोद्याचा, त्यामुळे माझ्या कुठल्याही मताचा निकाल एका वाक्यात लागतो. "तू असोदाना. तुले काय समजी?"

हाताला सवय टंकयंत्राची, त्यामुळे राग आला की नाना अर्ज लिहितात. नगरपालिकेला, वीज कचेरीला, आणि एकदा आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांना, माझ्या स्कूटरविरुद्ध. स्कूटर त्यांच्या तुळशीवर धूर सोडते म्हणे. 'महोदय' पासून 'आपला नम्र' पर्यंत त्यात नम्र असं काही नव्हतं.

त्यात गेल्या वर्षापासून ते गल्लीभर सांगत सुटले, "माले कमी ऐकू येस." झालं. टीव्हीचा आवाज चढला तो उतरलाच नाही. त्यांच्या मालिकेतली सासू आमच्या घरात ओरडायची. आणि सगळ्यात जास्त चीड यायची ती अक्कांकडे पाहून. नानांच्या या बायकोचं हसणं पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. दुपारी चार बायका जमवून, शेंगा फोडत, त्या टीव्ही पाहायच्या. हल्ली टीव्ही लागला की उठून स्वयंपाकघरात जात. जमणाऱ्या बायका हळूहळू यायच्या थांबल्या. माझी बायको म्हणाली, "अक्का रुसल्यात. मागून हाक मारली तरी वळून बघत नाहीत." मी म्हटलं, रुसणार नाहीत तर काय? या माणसाच्या आरडाओरड्याने बिचारीला घरात बसायला जागा ठेवलेली नाही.

अशात एक दिवस नानांनी मला बोलावलं. मी विमा कार्यालयात दिवसभर संगणकासमोर बसतो, म्हणून मला सगळ्या तारांचं कळतं असा त्यांचा समज. खुर्चीत ते रिमोट तोंडाशी धरून बसले होते. त्या रिमोटला बोलून सांगितलं की हवं ते लागतं.

"कीर्तन दखाड," नाना म्हणाले.

पडद्यावर बर्फाचे पहाड आले.

"हिमालय कोनी मांगा व्हता?" नाना कडाडले. "दखाड म्हंजे दाखव. इतलं बी समजत नही याले!"

"नाना, त्याला अहिराणी येत नाही. शुद्ध मराठीत सांगा."

"मन्ही बोली अशुद्ध शे?"

मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. हा डबा काढून टाकायचा आणि टीव्हीला आख्खा कॉम्प्युटर जोडायचा. मी जीव तोडून समजावलं. डब्याला एक रिमोट पुरतो, लावला की सुरू होतो, आवाज नाही, धूळ नाही. कॉम्प्युटर म्हणजे ते धूड, त्याचा पंखा, कीबोर्ड, माऊस, पायांत वायरी. आणि उन्हाळ्यात जळगावात माणसं तापतात, तिथे तो काय टिकणार?

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डबामा लिखता येस का?"

"टीव्ही बघायचाय की लिहायचंय?"

"लिखता येस का नही, तेवढं सांग."

"नाही."

"मंग कॉम्प्युटर."

माझं डोकं फिरलं. एकूण तीनदा मी डब्याची बाजू मांडली आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच विचारलं. पुण्याहून मुलाने फोनवर समजावलं, त्यालाही तेच. शेवटी मी पायऱ्या उतरताना स्वतःशीच पुटपुटलो, "खवीस आहे म्हातारा." मोठ्याने नव्हे, आणि मोठ्याने म्हटलं असतं तरी बहिऱ्या माणसाला काय ऐकू जाणार होतं?

चार दिवसांनी बाजारातले रफीकभाई रिक्षातून एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. जुनी मशीनं जोडून देण्याचं त्यांचं छोटं दुकान आहे. मी दारात उभा राहून म्हटलं, "रफीकभाई, तुम्ही तरी समजवायचं." ते हसले. "चाचांनी एकच गोष्ट मागितली, साहेब. आणि ती डब्यात होत नाही." कोणती गोष्ट ते विचारायच्या आत नाना आतून ओरडले आणि रफीकभाई वायरींचं भेंडोळं घेऊन पळाले.

त्यानंतर एक नवाच छळ सुरू झाला. टीव्हीचा आवाज कमी झाला, हे खरं. पण रोज दुपारी भिंतीपलीकडून टक टक टक टक सुरू व्हायचं. कीबोर्ड नुसता बोटांनी दाबायचा असतो हे नानांच्या बोटांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या ठोक्यांवरून मी ओळखलं, म्हातारा अर्ज लिहितोय. एवढा लांबलचक अर्ज कोणाविरुद्ध? मी भिंतीवर मूठ आपटली, ते लिहीत असणार. स्कूटर आहेच. मी मनातल्या मनात माझी बाजू तयार करू लागलो. कार्यालयात बसून करू लागलो. बायको म्हणाली, "जाऊन विचारून टाका एकदा, नाहीतर तुमचं रक्त आटेल."

रविवारी भर दुपारी मी गेलो. दार ढकललं आणि तयार केलेलं पहिलं वाक्य तोंडात तसंच राहिलं.

टीव्हीवर गावोगाव फिरणारा एक नकलाकार बोळक्या म्हाताऱ्याची नक्कल करत होता. आणि पडद्याच्या तळाशी ठळक, पिवळी, पोळीएवढी अक्षरं येत होती. अहिराणीत. म्हातारा बोलेल तो शब्द न् शब्द. म्हातारा थांबला तिथे लिहिलं होतं, 'आते हाऊ पानी पी राहिना.' सावकाराचं पात्र आलं तेव्हा, 'याले ओळख. हाऊ खोटा शे.' आणि मधेच, नकलेशी काही संबंध नसताना, 'चहा मी ठेवस. तू बस.'

समोर अक्का बसल्या होत्या. मांडीवर शेंगांचं सूप. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं. माझी चप्पल आपटली, दार वाजलं, तरी कळलं नव्हतं.

मला सगळं एकदम उमगलं, ती दुपारची टक टकसुद्धा. इतके दिवस आम्ही ज्याला बहिरा समजत होतो त्याला सगळं ऐकू येत होतं.

नाना चहाची कपबशी घेऊन आतून आले. मला पाहून त्यांच्या भुवया चढल्या. "काय शे?" ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू आवाजात, "पायरीवर तू माले खवीस म्हने, ते बी ऐकू उनं माले."

मी मान खाली घातली. "गल्लीभर सांगत फिरलात, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून."

"मंग काय तिनं नाव सांगू?" नाना फिस्कारले. "बायका जमेत, बठ्ठ्या एकदम हसेत. ही त्यासना तोंडाकडे पाहे, आणि मंग हसे. एक दिवस एक जणीनी टिंगल करी, अक्काले हसू मांगून येस, रिक्षानी. तव्हापासून उठी गई. मशीन आनी दिधं कानले, लावत नही. लोके पाहतीन म्हनस."

त्यांनी कप अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी मला पाहिलं, हसून शेजारची खुर्ची दाखवली. मी बसलो. पाहता पाहता माझ्यातला कॉम्प्युटरवाला जागा झाला.

"नाना, थोडी चूक आहे," मी म्हटलं. "अक्षरं आवाजाच्या आधी येताहेत. रफीकभाईंना सांगा, जुळवून देतील."

"त्यानी जुळाडेल व्हती," नाना म्हणाले. "मी परत मोडी."

"का?"

पडद्यावर पिवळी अक्षरं आली. नकलेतला म्हातारा अजून तोंड उघडत होता, मला अजून काही कळलं नव्हतं, आणि अक्का खदाखदा हसल्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. मग विनोद झाला आणि मी हसलो, मागून.

"तू कोन इचारनारा?" नाना म्हणाले, आणि अक्कांच्या सुपातल्या शेंगा फोडायला बसले.