सुपारीच्या बैठकीत लार्ज

लोणच्याच्या बरणीमागचा स्टीलचा डबा रिकामा निघाला, त्या दिवशी आमची द्वारका गेल्याचं मला कळलं.

तशी ती उन्हाळ्यातच गेली होती. दहावा झाला, तेरावा झाला. लोक आले, जेवले, "बाई चांगली होती" म्हणून गेले. मी सगळं कोरड्या डोळ्यांनी पाहिलं. मला आपलं वाटायचं, ही मागच्या दारी काहीतरी निवडत बसली असेल, येईल. पण डबा रिकामा झाला आणि तो भरायला कोणी आलं नाही, तेव्हा म्हटलं, काकासाहेब, गेली बरं का ती खरंच!

डब्यात काय होतं ते सांगायची लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मागं जालन्याला माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून माझा कॉक नीट बंद होत नाही. थेंब थेंब चालूच! माझ्या मोसंबीला एवढं इमानदार ठिबक कधी मिळालं नाही. त्यावर डॉक्टरांनी उपाय दिला, रबराचा पातळ मोजा. पुरुषानं तो जिथं घालायचा तिथं घालायचा. त्याच्या टोकाला नळी, नळीच्या टोकाला पिशवी आणि पिशवी पोटरीला पट्ट्यानं बांधायची. वरून धोतर. जगाला पत्ता लागत नाही!

मोजे मागवायची द्वारका, डब्यात ठेवायची द्वारका. प्रत्येक पाकिटावरचा छापील कागद ती कात्रीनं कापून टाकायची. "सुनेच्या हाती लागला तर?" म्हणायची. मला ते पटायचं. सकाळी डबा उघडायचा, एक काढायचा, काम झालं. माप काय, कंपनी कोणती, मी कधी विचारलं नाही. बायकोनं आणलेल्या बनियनचा नंबर कोणता नवरा सांगू शकतो?

आणि डबा रिकामा झाला तो नेमका बैठकीच्या आदल्या दिवशी!

बैठक माझ्या नातीची, शिवकन्याची. ती नर्सिंग शिकून जालन्याच्या दवाखान्यात लागलेली. मुलगा पिंपळगाव रेणुकाईचा, त्याच दवाखान्यात रक्त तपासणारा. दोघांनी एकमेकांना केव्हाच पसंत करून टाकलं होतं. आता आम्ही म्हाताऱ्यांनी तक्क्याला टेकून, जणू हा शोध आम्हीच लावला अशा थाटात सुपारी फोडायची होती. द्वारकानं शेवटच्या आजारपणात माझ्याकडं एवढंच मागितलं होतं, "शिवकन्याची सुपारी तुमच्या हातानं फुटली पाह्यजे. अन् मध्येच उठू नका!"

या "मध्येच उठू नका"ला आमच्याकडं फार अर्थ आहे. बैठकीत दोन्हीकडचा एकेक वडीलधारा गादीवर बसतो. बाकीच्यांनी उठावं, बसावं, बाहेर जाऊन तंबाखू थुंकावी, कोणी विचारत नाही. पण सुपारी फुटायच्या आत गादीवरचा माणूस उठला की बोलणी मोडली! आमच्या भावकीत अशी एक सोयरीक मोडलेली आहे. तो बिचारा पायाला मुंग्या आल्या म्हणून उठला होता.

तरी मी बिनघोर होतो. मापाच्या बाबतीत आमच्या टेंभुर्णीत माझ्यासारखा पक्का माणूस नाही! आयुष्यभर ठिबकचे पाईप जोडले. नळी पाहूनच सांगतो कितीचा जॉइनर बसेल. ढिला जॉइनर लावणाऱ्याला मी बांधावरून शिव्या घातल्या आहेत. म्हटलं, एक मोजा आणायला काय अक्कल लागते?

आमेरच्या मेडिकलवर गेलो. शेवटचं गिऱ्हाईक हलेपर्यंत बाहेर उभा राहून समोरच्या भिंतीवरची बियाण्याची जाहिरात पाठ केली. मग आत शिरलो.

"आमेर, ते हे दे."

"हे म्हंजी काय, काकासाब?"

मी हातानं नळी काढून दाखवली, पिशवी काढून दाखवली, पोटरीवर थाप मारली.

"कंडोम कॅथेटर म्हणा ना मंग!" आमेर म्हणाला आणि त्यानं तीन खोके काउंटरवर मांडले. "साईझ?"

"याला साईझ असती?"

"बिलकुल असती. स्मॉल, मीडियम, लार्ज. ही कागदाची पट्टी न्या. हिला गोल छेद हायेत. घरी माप घ्या, बराबर बसेल तो छेद मला सांगा."

मी पट्टी घ्यायला हात पुढं केला आणि मागून आवाज आला, "काय काकासाहेब, तब्येत बरी न्हाई का?"

अंगद! आमच्या सोयरिकीचा मध्यस्थ! हा माणूस म्हणजे पायावर चालणारा भोंगा. याला कळलं की म्हातारं गळतंय, तर रात्रीच्या जेवणाआधी पिंपळगावात कळणार. मी हात मागं घेतला.

"तब्येतीला काय धाड भरली?" मी म्हणालो.

"मंग कोणता देऊ, काकासाब?" आमेरनं विचारलं.

आता तुम्हीच सांगा! पुढं तीन खोके, मागं मध्यस्थ. अशा वेळी कोणता मर्द "मीडियम" म्हणेल?

"लार्ज!" मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

आमेर हळूच पुटपुटला, "काकासाब, पट्टी लावून पाह्यली असती तर..."

"पट्टी कशाला? मला माझं माहीत न्हाई का?"

"बराबर हाय," आमेर तसाच हळू आवाजात सुस्कारला. "टेंभुर्णीत समदे लार्जच नेतात. मीडियमची तारीख निघून जाती. स्मॉलचा तर खोका कोणी खोललाच न्हाई. अन् मंग समदे परत येतात, गळतं म्हणून!"

तिकडं अंगद खोक्यावरचा 'कंडोम' हा पहिलाच मोठा शब्द वाचून थांबला होता. त्यानं खोक्याकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. परत खोक्याकडं पाहिलं.

"या वयात, काकासाहेब?"

बोलणं वाढवायचं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "हौ."

अंगदनं डोक्यावरची टोपी काढली आणि तहसीलदाराला द्यावी तशी मला वाट दिली. पिंपळगावात त्यानं काय निरोप दिला ते मला नंतर कळलं. "म्हातारा लई कडक हाय. जपून बोला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा चढवला. तो चढला कसा म्हणाल, तर कणगीत हात जावा तसा! तिथंच मला कळायला पाहिजे होतं. पण मी वरून चिकटपट्टीचे वेढे मारले आणि धोतर नेसलो. ढिल्या जॉइनरवर चिंधी गुंडाळणाऱ्याला मीच शिव्या घालायचो, हे त्या वेळी आठवलं नाही.

पाहुणे आले. मुलाकडून गादीवर बसायला त्याचे थोरले चुलते, सांडूअण्णा. दोन बिघे जागा एकट्यानं अडवतील असा देह! पण माझ्यासमोर ते असे टेकले, जसा काही मी त्यांचा पेपर तपासणार होतो. मी आपला मिशीला हात लावला. पाहुण्यांबरोबर पाणी घ्यावंच लागलं. चहाही घ्यावा लागला. सांडूअण्णांनी आग्रहानं आपल्या बशीतला अर्धा चहा माझ्या बशीत ओतला. नाही म्हणता येईना.

"तर काकासाहेब," सांडूअण्णा खाकरले, "आमची अपेक्षा तशी काहीच न्हाई. फक्त लग्न जालन्याच्या लॉन्सवर व्हावं. पोराचे मित्र मोठमोठे हायेत."

आणि त्याच क्षणी मोजा निसटला!

मांडीवर काहीतरी कोमट सरकलं. माझा जीवच उडाला. मी धोतर गच्च धरून अर्धा उठलो.

 सांडूअण्णांचा चहा मिशीतच थांबला. अंगदनं दोन्ही हातांनी माझा खांदा धरला. "काकासाहेब, बसा! बसा!"

"आबा, काय करून राह्यले?" माझा मुलगा भारत कानाशी लागला. "सोयरीक मोडता का?"

"मोडत न्हाई रे! निसटलं!"

"काय निसटलं?"

"सोड मला!"

"बसा काकासाहेब," सांडूअण्णा घाईघाईनं म्हणाले, "लॉन्सचं राहू द्या. तुमच्या दारातच करू. दाराची शोभा लॉन्सला कुठं येते!"

सगळ्यांनी मिळून मला गादीवर दाबलं. बसलो. ज्यात बसायचं नव्हतं त्यातच बसलो.

"मंग बुलेटचं तेवढं..." सांडूअण्णा चाचरत म्हणाले. इकडं पोटरीचा पट्टा सुटला आणि पिशवी सापासारखी घोट्याकडं निघाली. ती धोतराबाहेर यायच्या आत अडवायला पाहिजे! मी पाय झटकला. पाय लागला पानाच्या तबकाला. तबक उडून सांडूअण्णांच्या मांडीवर!

"न्हाई न्हाई न्हाई!" सांडूअण्णांनी हात जोडले. "बुलेट न्हाई! पोराला सायकलसुद्धा नीट येत न्हाई!"

मुलाकडची मंडळी आपसात कुजबुजू लागली. मी एवढा मोठा सौदा आयुष्यात एक शब्द न बोलता कधी केला नव्हता. पण माझं लक्ष सौद्यात नव्हतंच. गादीच्या पांढऱ्या चादरीवर माझ्या बाजूनं एक ओला डाग सांडूअण्णांकडं निघाला होता. तो आता पोचणार, अण्णा खाली बघणार, आणि शिवकन्याची सोयरीक, माझी मिशी, द्वारकाला दिलेला शब्द, सगळं एकदमच वाहून जाणार! उठावं तर बोलणी मोडतात. बसावं तर आबरू जाते. मी द्वारकाचं नाव घेतलं. दुसरं काही सुचेना.

तेवढ्यात शिवकन्या बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा मोठा तांब्या. सगळ्यांच्या पाया पडत ती माझ्यापाशी आली, वाकली. तिची नजर माझ्या घोट्यावर गेली. तिथं नळीचं टोक बाहेर येऊन सगळ्यांना राम राम करत होतं. नजर तिथून चादरीवर गेली. आणि पोरीनं तांब्या सरळ माझ्या मांडीवर उपडा केला!

"अगं बाई! चुकलं, आबा!"

"शिवकन्या!" तिची आई तृप्ती दारातून ओरडली.

मी कंबरेखाली चिंब भिजलो. गादी भिजली, चादर भिजली, डाग त्यात विरघळून गेला. पण सांडूअण्णांच्या कपाळाला आठी पडली. पोरगी सुपारीच्या दिवशीच वेंधळी निघाली! मी त्यांच्याकडं नुसतं वळून पाहिलं. आठी लगेच पुसली गेली.

"पाणी सांडणं लई शुभ असतं!" सांडूअण्णा म्हणाले.

"लई शुभ!" अंगद म्हणाला. "काकासाहेबांनी धोतर बदलून यावं. हे उठणं उठण्यात धरायचं न्हाई!"

माझ्या बायकोनंतर मला इतकं समजून कोणी घेतलं नव्हतं. मी आत पळालो, कडी लावली. दारावर टकटक झाली.

"आबा, कोरडं धोतर दाराशी ठेवलं. लार्ज घेतला ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? आमच्या वॉर्डात समदे लार्जच मागतात."

"तुला माहीत व्हतं, मी हे घालतो?"

"मीच तर आजीला आणून देत व्हते! डबा संपला तर मला सांगायचं ना."

"तुला कसं सांगू मी?"

"आजी सांगायची तसं."

मी दाराला टेकून उभा राहिलो. धोतरातून पाणी टपकत होतं. "मंग तू कोणता आणायचीस?"

 बाहेर पोरगी फिसकन हसली. "न्हाई सांगणार. आजीनं शपथ घातली व्हती."

"कसली शपथ?"

"आबा, आजी लेबल आईला दिसू नये म्हणून कापत नव्हती. 'तुझ्या आबांना दिसलं तर ते घालायचेच न्हाईत,' म्हणायची."

 ती बाई इतके दिवस कात्री घेऊन बसत होती आणि मला वाटायचं, ती सुनेला भिते.

दाराखालून कागदाची एक पट्टी आत सरकली. छेद असलेली. "घ्या माप आत्ताच. मी पाठवते कोणाला तरी मेडिकलवर."

"आत्ता सुपारी हाय," मी म्हणालो.

टॉवेल गुंडाळला, वरून धोतर नेसलो, बाहेर आलो. सुपारी माझ्या हातानं फुटली. एका घावात फुटली! सांडूअण्णांनी मला मिठी मारली आणि जाताना कानात म्हणाले, "काकासाहेब, असा माणूस आमच्या घराला पाह्यजे व्हता."

आता गावात माझा भाव वाढला आहे. परवा शेजारच्या कांताबाई आल्या होत्या. "भाऊजी, आमच्या पोरीच्या बैठकीला गादीवर तुम्हीच बसा. अन् बुलेटचं निघालं की जरासं उठा!" मी हो म्हटलं आहे. लोकांच्या उपयोगी पडावं.

शिवकन्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आमच्या दारात आहे. ती म्हणते, जायच्या आधी डबा काठोकाठ भरून ठेवते, आबा, तुम्ही फक्त माप सांगा. लार्जचा खोका मी आमेरला परत केला. तो म्हणाला, "मंग मीडियम देऊ, का...?" मी त्याला तिथंच थांबवलं.

पट्टी द्वारकाच्या डब्यात ठेवली आहे. रोज सकाळी डबा उघडतो, पट्टी पाहतो आणि टॉवेल गुंडाळतो.

माप घ्यायचं अजून राहिलं आहे.