दोन पूर्वज कमी पडले

गुरुवारी दुपारी देंगिझेल राष्ट्राचा इतिहास चौथ्यांदा पुसला गेला. पुसणारा एर्निस होता, आणि त्याला त्याचं काडीचंही वाईट वाटलेलं नव्हतं.

"आपलं सैन्य हरलं असं कुणी लिहिलंय?" त्याने आपल्या टायरच्या दुकानातून फोन लावून विचारलं. मागे हवा भरायचं यंत्र धडधडत होतं.

"मी," तोल्कुनबेक म्हणाला. "परीक्षकांना रडवायचं तर एखादी तरी लढाई हरावी लागते."

"मग बुरुलच्या बाजूची हरू दे. माझी बाजू हरत नसते."

"राष्ट्र एकच आहे रे, गाढवा! त्याला बाजू कुठल्या?"

राष्ट्र एकच होतं, पण लिहिणारे तिघे होते आणि तिघांनाही एकमेकांचं लिखाण पुसता येत होतं. इंटरनेटवरच्या राज्याराज्यांच्या खेळात हा काराकोल शहराचा संघ तीन वर्षं एकत्र खेळत होता. नव्या हंगामासाठी नियम आला होता : प्रत्येक संघाने आपल्या मनाने रचलेल्या राष्ट्राचा दोन हजार शब्दांचा इतिहास शनिवारी सहाच्या आत पाठवायचा. ज्याचा इतिहास सर्वांत सरस, त्याला नकाशावर समुद्रकिनारा. आधीचे दोन्ही हंगाम यांच्या वाट्याला डोंगर आले होते. खिडकी उघडली की ज्यांच्या नाकासमोर डोंगर, त्यांना खेळातही डोंगरच मिळावेत हे तिघांच्याही जिव्हारी लागलं होतं. म्हणूनच त्यांनी राष्ट्राचं नाव समुद्रावरून ठेवलं होतं. समुद्र तेवढा मिळायचा राहिला होता.

तोल्कुनबेक दातांच्या कवळ्या बनवायचा. प्रत्येक गोष्ट घासूनपुसून बसवायची त्याला सवय. बुरुल जिल्ह्याच्या आकडेवारीच्या कचेरीत कामाला होती, त्यामुळे तिने लिहिलेल्या भागात देंगिझेलच्या मेंढ्या, गवताच्या गंज्या आणि विधवा यांचे आकडे असत. तोल्कुनबेकचं आणि तिचं जमलं ते याच खेळात, एका तहाची कलमं ठरवताना. येत्या रविवारी तोल्कुनबेकची आई असिलकान बुरुलच्या कानात कुडी घालणार होती. एकदा कुडी कानात गेली की गोष्ट पक्की. मग दोन्ही घरच्यांनी डोकं आपटलं तरी मागे फिरता येत नाही. अडचण एवढीच, की कुडी कानात जाईपर्यंत डोकं आपटायला सगळे मोकळे असतात.

भांडण पेटलं ते खानाच्या वंशावळीवर. वंशावळ तोल्कुनबेककडे होती. नावं सुचेनात, तेव्हा त्याने आपल्याच बापजाद्यांची नावं टाकली : इसाबेक, जुमाली, शेरगाझी, मोल्दोकुल, सार्तबाय. आणि सार्तबायचा बाप म्हणून एक नवाकोरा खान बसवला.

"वा!" एर्निस म्हणाला. "म्हणजे तुझे बापजादे राजे, आणि माझे काय त्यांच्या घोड्यांना पाणी पाजत होते?"

त्याने शेजारी आपलं घराणं जोडलं. बुरुल तरी मागे का राहील? तिने आपलं जोडलं. पण तोल्कुनबेकची नावं पाच आणि या दोघांची सात-सात, त्यामुळे तक्ता एका बाजूने लंगडा दिसू लागला. बुरुलला लंगडा तक्ता बघवत नसे. तिने सगळ्यांची पाच-पाचवर छाटणी केली आणि खानाला तीन मुलगे देऊन टाकले. भांडण मिटलं. कुणाच्याही लक्षात आलं नाही, की एका ओळीत वधू आणि वर सख्ख्या भावांच्या वंशातले होऊन बसले होते.

ते लक्षात आलं बोरसोकांमुळे.

बुरुलने चुका तपासायला इतिहास कागदावर काढून घरी आणला होता. शुक्रवारी तिच्या आईने तळलेले कणकेचे गरम बोरसोक तेल टिपायला हाताला लागतील त्या कागदांवर ओतले. रविवारच्या समारंभासाठी बुरुलचे चुलतआजोबा सागिनाली गुरुवारीच गावाहून आले होते. कुळाच्या वंशावळीची वही, संजिरा, तीस वर्षं त्यांच्याकडे होती. कुणाचा बाप कोण, कुणाची सून कुठली, सगळं त्यात. चहाबरोबर ते एकेक बोरसोक उचलत गेले, आणि बोरसोकांचा ढीग जसा उतरला तसा खालून त्यांना आपला पूर्वज दिसू लागला. शेजारी होणाऱ्या जावयाचा. दोघांच्याही वर एकच बाप.

तोल्कुनबेकला तातडीने बोलावणं गेलं. तो कवळी अर्धवट टाकून, हाताला प्लास्टर लागलेलं तसाच आला.

"बस," सागिनाली म्हणाले. "हे तू लिहिलंस?"

"तिघांनी मिळून, आजोबा."

"हे खरं की खोटं?"

"आजोबा, ते..."

"थांब. उत्तर देण्याआधी ऐक. हे खरं असेल, तर तुमचं नातं सात पिढ्यांच्या आतलं. पोरगी देता येत नाही. आणि खोटं असेल, तर जो माणूस स्वतःच्या बापजाद्यांना उसना बाप चिकटवतो, त्याला मी पोरगी देणार नाही. हं, आता बोल."

तोल्कुनबेकने बुरुलकडे पाहिलं. बुरुल बोरसोकांकडे पाहत होती.

"खेळातलं आहे, आजोबा. म्हणजे खरंही नाही आणि तसं खोटंही नाही."

"असा तिसरा रकाना माझ्या वहीत नाही."

"ज्या दातांनी तुम्ही हे बोरसोक खाताय," तोल्कुनबेक काकुळतीला येऊन म्हणाला, "ते मीच बसवलेत हो."

"दात तुझे आहेत. बोलतोय मी." म्हाताऱ्याने कागद नाकाजवळ नेला. "आणि तू पाचावरच का थांबलास? आमच्या पोरीचेही दोन कापलेस."

"ते मी कापले," बुरुल घाईने म्हणाली. "तक्ता सारखा दिसावा म्हणून."

"छान. मग उरलेले दोन हा तोंडीच सांगेल. सांग बाळ, सार्तबायचा बाप कोण?"

सात बाप ठाऊक नसणारा तो गुलाम, ही म्हण काराकोलमध्ये पाळण्यातल्या पोरालाही पाठ. तोल्कुनबेकला मात्र पाचच पाठ होते. वडील त्याला आठवड्याला एक नाव शिकवत. सहाव्या आठवड्यात ते गेले. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पुढे पाच नावांवर कुणी हटकलं नाही आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही. बुरुललासुद्धा.

"जिभेवर आहे," तो म्हणाला.

"जिभेवर असेल तर उतरव. रविवारी दुपारपर्यंत सहावा आणि सातवा घेऊन ये. दोन्हीकडचे सात-सात पुरे झाले, की हा तुमचा खान जातो आठवा. मग तो खरा असो की खोटा, माझ्या वाटेत येत नाही. आणि नाही आणलेस, तर तुझ्या आईला म्हणावं, कुडी डबीतच राहू दे."

फाटकापर्यंत बुरुल सोबत आली.

"खरंच जिभेवर आहेत?"

"नाहीत."

"किती येतात?"

"पाच."

"तीन वर्षं झाली! माझ्याशी मिठाचे तह केलेस, घोड्यांचे केलेस, आणि दोन बाप कमी आहेत हे एका कलमात सांगता येत नव्हतं?"

"तू तरी कधी विचारलंस?"

"कुणी विचारतं का असं? दात किती आहेत विचारतो आपण?"

"मी विचारतो," तोल्कुनबेक म्हणाला. त्याचा धंदाच तो होता. पण त्या घडीला ते बोलायला नको होतं.

शनिवारी सकाळपासून असिलकानने फोन हातातून सोडला नाही. एका चुलत सासऱ्याने दोन नावं दिली. दुसऱ्याने दुसरीच दोन दिली, वर पहिल्याला कधी काही आठवलंय का, असंही ऐकवलं. मग पहिल्याचा उलटा फोन आला. अकरा वाजेपर्यंत दोन जागांसाठी चार पूर्वज उमेदवार होते आणि दोन म्हातारे एकमेकांशी बोलेनासे झाले होते.

"तुझ्या त्या खेळानं मेल्यांनाही भांडायला लावलं!" असिलकान म्हणाली. "माझ्या हयातीत एवढं माहेर-सासर ढवळलं गेलं नव्हतं. आणि हे सगळं कशासाठी? समुद्रासाठी! पोहता येतं का तुला?"

यातली कुठलीही नावं सांगितली असती, तरी समारंभात दुसऱ्या म्हाताऱ्याने उभं राहून हरकत घेतली असती. म्हणजे पाहिजे होती अशी नावं, की ज्यांच्यावर कुणाचा दावाच नाही. तोल्कुनबेक एर्निसच्या दुकानात गेला. एर्निस एका ट्रकखाली होता.

"दोन नावं हवीत. जुनी, भारदस्त."

"बोरीबासार आणि तेमिरतिश," ट्रकखालून आवाज आला. विचार करायला त्याला श्वासाएवढाही वेळ लागला नाही.

"लांडगे लोळवणारा, आणि लोखंडी दातांचा." तोल्कुनबेकला दुसरं नाव फारच आवडलं, त्याच्या घराण्यात शोभण्यासारखं होतं. "कुठली रे ही?"

"मामाकडची. वरच्या कुरणातली. फार नेकीचे, फार शूर. एकाने तर लांडग्यांशी लढताना कान गमावला. पाना दे."

त्याने पाना दिला आणि जास्त विचारलं नाही. गरजू माणूस विचारत नाही.

इतिहास पाठवायला दोन तास राहिले असताना सागिनालीआजोबा काठी टेकत तोल्कुनबेकच्या कवळ्या बनवायच्या खोलीत, तिघे बसले होते तिथे, हजर झाले. ज्या इतिहासात आपले बापजादे आहेत तो आपण वाचल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बुरुल वाचू लागली आणि म्हातारा सुधारू लागला.

"हिवाळ्यात हे लोक राहतात कुठे?"

"ते लिहिलं नाही."

"मग जगले कसे? लिही. दक्षिणेकडची दरी, वारा न लागणारी. आणि हा समुद्र कशाला?"

"आजोबा, समुद्रासाठीच तर सगळं चाललंय!" एर्निस कळवळला.

"मेंढी त्याचं पाणी पिते का? नाही ना? खोड तो. आणि ही लढाई हरले ते बरोबर लिहिलंय. आमच्यातलेही बरेचदा हरायचे, फक्त सांगत नाहीत."

तोल्कुनबेकने एर्निसकडे विजयी नजर टाकली; आठवडाभरात त्याच्या बाजूने पडलेलं ते पहिलंच मत होतं. सहाला चार मिनिटं कमी असताना इतिहास गेला. त्यात चौदा दऱ्या होत्या, घोडीच्या दुधावरून झालेली तीन भांडणं होती, प्रत्येक सुनेचं माहेर होतं. समुद्र एका वाक्यात उरला होता : 'तो दूर आहे असं ऐकिवात आहे.'

रविवारी, पाहुणे हात धूत असतानाच निकाल आला. एर्निसने तो कोपऱ्यात वाचून दाखवला. परीक्षकांनी इतिहास एकमताने नाकारला होता. नियमाप्रमाणे राष्ट्र कल्पित हवं, आणि इतका तपशील कुणी मनाने रचू शकत नाही. संघाने कुठल्यातरी खऱ्या जमातीचा इतिहास उतरवलेला दिसतो. सबब, डोंगर.

"म्हातारा म्हणतो खोटं आहे," एर्निस दात-ओठ खात पुटपुटला, "आणि हे म्हणतात खरं आहे. या दोघांची गाठ कुणी घालून देईल का?"

पण गाठ वेगळीच पडायची होती. अंगणात सगळे गोल बसले. असिलकान डबी उघडून बसली होती, बुरुलने डोक्यावरचा रुमाल कानामागे सारला होता. सागिनालीआजोबांनी डोक्यावरची कलपाक टोपी नीट केली, वही उघडली आणि वरपक्षाला खूण केली. तोल्कुनबेक उभा राहिला. त्याने पाच नावं सांगितली, सहावं, सातवं सांगितलं. आजोबांनी ती शाईने लिहिली, आणि मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांना ऐकू जावीत म्हणून खड्या आवाजात म्हणू लागले.

"सार्तबायचा बाप, बोरीबासार!"

फाटकाबाहेर एर्निसची गाडी उभी होती. समारंभाच्या मेंढ्या त्याने सकाळीच मामाकडून आणल्या होत्या, आणि मेंढ्यांबरोबर राखणदारही आला होता. गाडीतून धप्पकन आवाज झाला. वासराएवढा, एका कानाचा धनगरी कुत्रा फाटकातून आत आला, पाहुण्यांच्या मधून चालत थेट आजोबांसमोर गेला, आणि हुकूम घ्यायला बसला.

एर्निस आभाळाकडे बघू लागला. तोल्कुनबेकला तो कान, म्हणजे तो नसलेला कान, ओळखू आला.

"कुणाचं आहे हे?" एक चुलता ओरडला.

आजोबांनी कुत्र्याकडे पाहिलं, एर्निसकडे पाहिलं, मग पांढऱ्याफटक जावयाकडे. चष्मा काढून पुसला.

"बघा," ते सभेला म्हणाले, "थोर पुरुषाचं नाव घेतलं की मुकं जनावरसुद्धा अदबीनं बसतं. असिलकान, कुडी घाल."

असिलकानने वेळ दवडला नाही. कुड्या कानात गेल्या, बायकांनी मिठाई उधळली, सगळ्यांनी आशीर्वाद म्हणत तोंडावरून हात फिरवले. कुत्र्याला मोठं हाड मिळालं.

गर्दी जेवणाकडे वळल्यावर आजोबांनी तोल्कुनबेकला जवळ बसवलं.

"आजोबा, मी सांगणार होतो..."

"काही सांगू नकोस. शाई वाळली आहे." त्यांनी वहीची जुनी पानं मागे उलटली आणि एका नावावर बोट ठेवलं. "हा बघ. आमचा सहावा. तुझ्या आजेसासूला मागणी घातली तेव्हा मलाही एक कमी पडत होता."

"मग हा कोण?"

"माझा घोडा," म्हातारा म्हणाला. "फार नेकीचा होता."

त्यांनी वही मिटली, कवळी नीट बसवली आणि ताटातला मांसाचा तुकडा जावयापुढे सारला.

"पुढच्या हंगामाला मला आधीच घ्या तुमच्यात. समुद्र पाहिजे ना? मग मूळपुरुष कोळी पाहिजे. बघू, एर्निसच्या मामाकडे एखादं बदक असेल."