अप्पांचा जिल्हा

वाकून नमस्कार करणं ही पोट सुटलेल्या माणसाने विचारपूर्वक करायची गोष्ट आहे. उदगीरला मेव्हणीच्या लग्नात, ऐन मे महिन्यात, मी ती अविचाराने केली. माझ्या बायकोचे मामा, मन्मथअप्पा, सतरंजीवर अनवाणी उभे होते. मी वाकलो, तोल गेला आणि तोंडावर पडू नये म्हणून हाताला लागलं ते घट्ट धरलं. ते अप्पांचे दोन्ही पाय होते.

"सोडा जावईबापू, सोडा! एवढा आशीर्वाद शिल्लक न्हाई माझ्यापाशी!" अप्पा वरून ओरडले. अख्खा मांडव हसला.

मी उठलो, पण तळहातांना काहीतरी खटकलं होतं. डोक्यावर पत्रे तापून कडकडत होते, आचारी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, त्या सालच्या दुष्काळात माणसंसुद्धा भट्टीतून काढल्यासारखी दिसत होती. आणि अप्पांचा उजवा पाय गरम, डावा मात्र रांजणाच्या बुडासारखा गार!

मी हे बायकोला, म्हणजे मंगलला, सांगितलं. ती म्हणाली, "पाया पडायला गेला होतात की पाय तपासायला?"

अप्पांना ओळखत नाही असा माणूस उदगिरात नाही, कारण ज्याच्या दारात अप्पा थांबले नाहीत असं दुकान नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. ती बंद केली, बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. राहिलं काय, तर धोतर, खिशात बिडीचं बंडल आणि डोक्यात उदगीर जिल्हा. उदगीर जिल्हा होणार ही बातमी मी माझं लग्न झाल्यापासून ऐकतो आहे. बाकीचे लोक चहाच्या गाड्यावर त्यावर नुसते भांडतात. अप्पांनी कचेऱ्यासुद्धा बांधून टाकल्या होत्या.

त्यांच्याबरोबर चालायला निघालं की थोड्या वेळाने ते एकदम हात आडवा करायचे. "थांबा! हितं कलेक्टर बसणार."

समोर एक गोठा असायचा.

"इथं, अप्पा?"

"हाव. म्हशी दुसरीकडं जातेत. जागा लई हवेशीर हाय." मग बिडी पेटायची, कलेक्टरची खिडकी कुठल्या बाजूला, शिपायाचा स्टूल कुठे, सगळं सांगून व्हायचं. बिडी संपली की पुन्हा चालणं. पुढे पानपट्टीजवळ "थांबा! ट्रेझरी." किल्ल्याकडच्या चढाला तर एसपी ऑफिस, आरटीओ आणि जिल्हा न्यायालय एकमेकांना खेटून उभी होती. गावातली पोरं त्यांना तोंडावर "काय कलेक्टरसाहेब!" म्हणायची. अप्पा खूश व्हायचे.

लग्नाच्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर निघालो आणि माझ्या लक्षात आलं की यंदा ट्रेझरी अलीकडे सरकली आहे. कलेक्टर तर मांडवाच्या कोपऱ्यावरच बसले.

"अप्पा, गेल्या वर्षी हे गोठ्यात होते ना?"

"जागा बदलली," अप्पा दुसरीकडे बघत म्हणाले. त्यांचा हात डाव्या पोटरीवर होता.

मी माझ्या वैद्यकीय ज्ञानाप्रमाणे "वात आहे, एरंडेल लावा" असं निदान केलं. मंगलने दुसऱ्याच दिवशी त्यांना आमच्याकडे लातूरला आणलं, यावरून माझ्या निदानाला घरात काय किंमत आहे ते कळेल. अप्पा एका अटीवर आले: पुण्याच्या पोराला कळता कामा नये.

डॉक्टरांनी पावलावर नाडी शोधली. उजवीकडे लगेच सापडली, डावीकडे बोटं फिरत राहिली. मग त्यांनी दंडाचं ब्लडप्रेशर घेतलं आणि तोच पट्टा घोट्याला बांधला.

"आवो, बीपी हातात ऱ्हातंय," अप्पा म्हणाले. "पायात कशाला हुडकून राहिलात?"

दंडात भरपूर, डाव्या घोट्यात फारच कमी. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना पोटरी दुखते?"

"न्हाई. दुखायच्या आधी मी थांबतो."

"आणि थांबल्यावर?"

"बरं वाटतंय. तवर एक ऑफिस बांधून होतंय."

डॉक्टर समजावू लागले की पायाकडे जाणारी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली आहे. अप्पांनी त्यांना मधेच तोडलं. "म्हंजे मोटार चालू हाय, पर शेवटच्या नळाला पाणी न्हाई."

"अगदी बरोबर. आणि तो पाईप बुजवला या बिडीने." रक्त पातळ राहण्याची गोळी, चरबीची गोळी, रोज पाय तपासायचे, अनवाणी फिरायचं नाही, जखम झाली तर त्याच दिवशी यायचं, हयगय केली तर पाय गमवायची पाळी येते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी हात जोडले. आवाज एकदम लहान झाला.

"डॉक्टरसायेब, चालणं बंद करू नका. बाकी कायबी सोडतो."

"बंद? चालणं हेच तर औषध आहे. दुखेपर्यंत चाला, थांबा, कमी झालं की परत चाला. रोज."

अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग खिशातलं बंडल काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. जिन्यात मात्र मला हळूच विचारलं, "अर्धी चालत आसंल का?"

ऑटोत मंगलने त्यांना धरलं. "मामा, इतके दिवस लपवलं का?"

"अक्का हाय ना," अप्पा म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. नजर गेलेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. अप्पा गेल्याशिवाय ती रात्रीची भाकरी मोडत नाही. "ऑटोनं गेलो आसतो, तर लोकं म्हणले आसते अप्पा थकला. पोराला फोन गेला आसता. त्यानं उचलून पुण्याला न्हेलं आसतं. मंग तिच्याकडं कोण जाणार?"

श्रावणात आम्ही उदगीरला गेलो. बिडी सुटली होती. तिच्या जागी बडीशेप आणि भयंकर चिडचिड आली होती. पण एसपी ऑफिस चढ ओलांडून पुढे गेलं होतं आणि कलेक्टर गोठ्याच्याही पुढे गेले होते. संध्याकाळी अप्पांच्या मागून आम्हीही अक्कांकडे चालत गेलो. धापा मी टाकत होतो.

आम्ही टेकतोय तोच नळ आला. अप्पा कळशी घेऊन अंगणात धावले. अक्का बाजेवर सरकल्या आणि मंगलला हळूच म्हणाल्या, "कसा हाय त्याचा पाय?"

मंगल दचकली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? डोळे गेलेत, कान हायेत. कोपऱ्यावर येऊन उभा ऱ्हायचा, खोकायचा. मंग दारात येऊन म्हणायचा, 'अक्का, झपाझप आलो बघ.' मी म्हणायची, 'हाव रे, वाऱ्यासारखा आलास.'"

"मग येऊ नको म्हणायचं ना त्यांना!"

अक्कांनी पाण्याच्या आवाजाकडे मान वळवली. "म्हणले आसते, तर आला नसता." मग म्हणाल्या, "मला ठाव हाय म्हणून बोलू नगंस बरं त्याला."

अप्पा कळशी घेऊन आत आले. "काय कुजबुज चाललीय?"

"काय न्हाई," अक्का म्हणाल्या, "जावई म्हणतेत, चहा लई ग्वाड झालाय."

चहा अजून चुलीवरच होता.

परतीच्या एसटीत मंगल खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बघितलंत? माणसं एकमेकांसाठी किती मनापासून खोटं बोलतात. आणि तुम्हाला एवढ्या संसारात एकदा 'भाजी झकास झाली' म्हणायला जमलं नाही."