तीन प्रतींतला प्रबंध

कॉम्प्युटर सुरू केला आणि जालिंदररावांच्या छातीत धस्स झालं. पडद्यावर लालभडक पट्टी होती : दोनशे चौदा व्हायरस सापडले. चार दिवसांपूर्वी दोनशे निघाले होते, काल दोनशे तेरा. खाली धमकी, सात दिवसांत सगळं नष्ट होईल. व्हायरस मारणारा म्हणून हा 'रक्षक' नावाचा प्रोग्राम त्यांनीच ऑफिसातल्या मित्राकडून फुकट फ्लॉपीत आणला होता. आणि त्याच मशीनमध्ये लेकीचा, प्रज्ञाचा, एम.ए.चा नव्वद पानी प्रबंध होता. तो सोमवारी कॉलेजात द्यायचा होता.

"अहो, प्रज्ञाला सांगा तरी," माधुरीबाई म्हणाल्या.

"खुळी का काय तू? पोरगी हाय खाईल!"

घराण्यातली पहिली एम.ए. दोन महिने ती रोज दार लावून मशीनपुढे बसत होती आणि जालिंदरराव शिंकायलासुद्धा गॅलरीत जात होते. प्रबंध पुरा झाला म्हणून आता ती चार दिवस मावशीकडे गेली होती.

शेवटी त्यांनी त्यांच्याच सावेडी भागात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या योगेशला गाठलं. त्याने ती फ्लॉपी क्लासातल्या नव्याकोऱ्या मशीनमध्ये घातली. तिथंही पहिल्याच झटक्यात दोनशे व्हायरस निघाले.

"काका, कोऱ्या मशीनमधी व्हायरस कुठनं येणार? ह्यो रक्षक नुसतं सोंग हाय. पण लई चिवट, असा निघायचा न्हाई. आख्खं मशीन पुसावं लागंल. कामाचं तेवढं फ्लॉपीवर घ्या, संध्याकाळी येतो."

जालिंदररावांची तीस वर्षं आवक-जावक विभागात गेली होती. महत्त्वाचा कागद तीन प्रतींतच ठेवायचा, हा त्यांचा धर्म. पडद्यावरचं 'थीसिस' नावाचं छोटं चित्र त्यांनी माऊसने ओढून एकामागून एक तीन फ्लॉप्यांत टाकलं आणि वर चिठ्ठ्या डकवल्या : मूळ प्रत, कार्यालयीन प्रत, जादा प्रत. नव्वद पानं डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली, याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

"सगळं घेतलं ना?" संध्याकाळी योगेशने विचारलं.

"तीन प्रतींत!"

योगेशने मशीन पुसलं, पुन्हा उभं केलं आणि एक फ्लॉपी घातली. मग त्याने उरलेल्या दोन्ही घालून पाहिल्या.

"काका, ही नुसती खूण हाय. प्रबंध कुठं ठिवलाय ते दाखवणारी. प्रबंध मशीनमधीच हुता."

"हुता म्हंजे?"

"आता न्हाई."

जालिंदररावांना त्यांच्या भाषेत लगेच कळलं. नोंदवहीतली नोंद तीनदा उतरवली होती आणि फाईल जाळून टाकली होती.

तेवढ्यात प्रज्ञा मावशीकडून परत आली. त्यांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. "माझ्या हातानं गेली गं पोरी, नव्वद पानं!" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

प्रज्ञा पांढरीफटक पडली. तिने आईकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"पप्पा, रडू नका ना. नव्वद नव्हती."

"मग किती?"

"अकरा."

"अगं, मग दोन महिने रोज आत टिकटिक चालायची ती?"

"पत्ते खेळत होते. कॉम्प्युटरात असतात ना, ते."

योगेश चपला शोधू लागला. जालिंदररावांना लेकीच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती आणि त्याच वेळी चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वासही येत होता. मग त्यांनी कोरा कागद ओढला. प्राध्यापकांना अर्ज, विषय : संगणकातील बिघाडामुळे प्रबंध नष्ट झाल्याबाबत.

"मुदत किती मागू?" त्यांनी दरडावून विचारलं.

"दोन महिने."

"अकरा पानांना?"

"नव्वद गेलीत ना, पप्पा," प्रज्ञा हळूच म्हणाली.

जालिंदररावांनी अर्जात निमूटपणे 'दोन महिने' लिहिलं.