भटू आप्पांचा आक्षेप

भटू आप्पा चूल पेटवण्याआधी लाकडं तोलतात. स्वयंपाक झाला की राखही तोलतात. मग कुंपणावरून मला विचारतात, "भाऊसाहेब, लाकूड पाच किलो, राख मूठभर. बाकीनं कोठे गयं?"

"हवेत, आप्पा."

"म्हनजे गयं नही. शे. फक्त दिसत नही."

आप्पांनी सारा जन्म नंदुरबारच्या मिरची बाजारात मापाडी म्हणून काढला. माल तोलायचा आणि वजन मोठ्यानं सांगायचं. ती सवय सुटलेली नाही. लग्नात आहेराचं भांडंही आधी काट्यावर चढतं. मी ग्रामसेवक म्हणून रनाळ्यात बदलून आलो, तेव्हा नमस्काराआधी त्यांनी मलाच काट्यावर उभं केलं होतं.

शिवारातून तेलाची पाइपलाइन जाणार, त्याची जनसुनावणी लागली. मंडप गच्च भरला. काम मिळेल म्हणून तरुण मंडळी पुढे बसलेली, जमीन खोदली जाईल म्हणून चिडलेले मागे उभे. पोलीसही होते. नोंदी लिहायला मला बसवलं होतं.

आप्पा उठले. "साहेब, या तेलना धूर किती?"

सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले, "पाइपलाइन तेल जाळत नाही, बाबा. पंपांचा धूर अहवालात आहे. पुढे तेल कुणी जाळलं, तो आपला विषय नाही."

"म्हनजे तुम्ही नुसती गोणी तोली ऱ्हायनात. मिरची कोन तोलणार शे?"

मागून हशा उसळला. पुढून एक जण ओरडला, "खाले बस आप्पा! पोऱ्यासना पोटवर पाय नको दिऊ!" खुर्च्या सरकल्या. पोलीस पुढे आले.

"पाइपलाइन नसली तरी तेल टँकरनं जाणारच," अधिकारी म्हणाले.

"मंग टँकरना धूर किती वाचस, ते बी मांडा. दोन्ही पारडा मांडा, मंग मंजुरी द्या नहीतर नका दिऊ. एका पारडावर बाजार चालत नही."

अधिकारी माझ्याकडे वाकले. "हे लिहू नका. विषयाबाहेरचं आहे."

माझा पेन थांबला. सारा मंडप माझ्याकडे बघत होता. आप्पा अजून उभेच होते. मी आक्षेप लिहिला, शब्दाला शब्द, आणि वाचून दाखवला. अधिकारी पाणी प्यायले आणि त्यांनी खाली सही केली. कागद वर गेला. निर्णय अजून आलेला नाही.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी आप्पांकडे गेलो. मागच्या खोलीला ताजा रंग, कोपऱ्यात नवी खाट.

"कोण येणार आहे?"

"मन्हा पोऱ्या येणार व्हता. गुजरातमा पाइपनं वेल्डिंग करस. लाइन उनी तर गावमाच काम भेटी, म्हने."

"मग तुम्ही कशाला बोललात, आप्पा?"

"सवाल खरा व्हता." त्यांनी मान फिरवली. "कालपासून तो मन्हा फोन उचलत नही. तुम्हना फोनवरथीन लावा ना."

मी लावला. पलीकडून "हॅलो" आलं. मी फोन आप्पांच्या हातात दिला. भरल्या मंडपात साहेबाला न डरलेल्या माणसानं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडे दोनदा "कोन?" झालं.

शेवटी आप्पा हळूच म्हणाले, "खोलीले रंग दिना, बेटा. हिरवा. तुले आवडस ना, म्हनीसन."