भारी नको, हलका द्या!

खरेदी कशी करावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने माझ्याकडे यावं! लिफ्टच्या कंपनीत खरेदी विभाग सांभाळता सांभाळता माझे केस पांढरे झाले. कुठल्याही दुकानदाराने मला गंडवून दाखवावं, मिशी उतरवून देईन. मला मिशी नाही, पण मुद्दा तो नाही.

म्हणूनच आमच्या विमानाला फ्लॅपची कुठली यंत्रणा बसवायची हा प्रश्न आला, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "ते माझ्यावर सोडा!"

विमान म्हणजे खरंखुरं विमान हं! दोन आसनांचं, छोटंसं. मी आणि माझ्या मेव्हण्याने सुटे भाग जोडून ते आमच्या गॅरेजमध्ये उभं केलंय. त्यापायी बायकोची गाडी कित्येक महिने रस्त्यावर उभी आहे आणि गल्लीतल्या यच्चयावत पक्ष्यांनी तिच्यावर सह्या केल्या आहेत. बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते आणि संध्याकाळी घरी येऊन माझे कान उपटते. शेवटी तिने निर्वाणीचं सांगितलं.

"या महिन्यात तो तपासनीस येणार आहे ना? त्याने पास केलं तर ठेवा तुमचं विमान. नापास केलं तर भंगारवाल्याला द्यायचं. मला पुढे एक अक्षर ऐकायचं नाही!"

आणि तपासनीस सगळ्यात आधी काय बघतो? वजन! एवढ्याशा विमानाला वजनाची मर्यादा ठरलेली असते, आणि आमचं विमान आधीच त्या मर्यादेला नाक टेकून बसलं होतं.

आता फ्लॅप म्हणजे काय, तर पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा. उतरताना त्या खाली वळवल्या की विमान हळू उडूनही पडत नाही. वळवायच्या कशा, तिथे खरी मेख आहे. मेव्हण्याला हवी होती विजेची मोटर.

"भावोजी, बटण दाबलं की झालं! कटकटच नाही!"

"आणि मोटरचं वजन तुझा बाप उचलणार का?" असं मी म्हणणार होतो. पण त्याचा बाप म्हणजे माझे सासरे, आणि ते तिथेच खुर्चीत बसले होते. म्हणून मी नुसताच खाकरलो.

दुसरा मार्ग म्हणजे दोन आसनांच्या मध्ये एक लांब दांडा. तोही आम्ही लावून पाहिला. बायकोला शेजारी बसवून मी तो ओढला, तर तिच्या कोपराला असा दणका बसला की दोन दिवस घरात मीच भांडी घासत होतो.

उरला तिसरा मार्ग. हाताने मारायचा छोटा हायड्रॉलिक पंप! चार-सहा दट्टे मारले की तेल बारीक नळीतून पुढे जातं आणि झडपा खाली ढकलतं. तेलाची चावी सोडली की झडपा परत वर. मोटर नको, बॅटरी नको, कोपर नको. मी लगेच पंपवाल्या दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, एक नंबर भारी माल आहे आपल्याकडे," तो म्हणाला.

"भारी अजिबात नको! मला हलका हवा."

"हलका?" तो अडखळला. "साहेब, विमानासाठी म्हणताय ना? मी तर म्हणतो, भारीतलाच घ्या."

"अहो, मी खरेदीत मुरलेला माणूस आहे, मला नका शिकवू! तुमच्याकडे जो सगळ्यात हलका असेल तो द्या!"

"जशी तुमची मर्जी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला तेव्हा आदर वाटला होता. ती कीव होती.

पंप आला, आम्ही बसवला, तेल भरलं. बायको कामावर निघाली होती. मी तिला मुद्दाम हाक मारून बोलावलं, म्हटलं, नवऱ्याची निवड बघून जा. पहिला दट्टा मारला. फट्! पंपाचं बूड निघून आलं आणि आतल्या लालभडक तेलाची पिचकारी थेट तिच्या पांढऱ्याशुभ्र एप्रनवर! दुसरा एप्रन वाळत होता, म्हणून ती तशीच गेली. तिचा पहिला रुग्ण खांदा दाखवायला आला होता. त्याने एप्रनकडे पाहिलं, "माझ्या आधीच्याचं काय केलंत?" असं विचारलं आणि आल्या पावली परत गेला.

मी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं.

"साहेब, मी भारीतला देत होतो," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हीच ओरडलात, हलका पाहिजे, सगळ्यात हलका! त्याहून हलका माल अख्ख्या बाजारात मिळणार नाही."

"अहो, हलका म्हणजे वजनाला हलका!"

"मग तसं म्हणायचं की!"

हे सगळं सासरे ऐकत होते. ते उठले. "जावईबापू, तुम्हाला जमायचं नाही. मी आणतो."

"बाबा, पण हलका हवा बरं का. हलका म्हणजे..."

"कळलं हो! हलका म्हणजे हलका. मला मराठी येतं."

तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो थांबला. दोन माणसांनी 'हळू, हळू' करत एक लोखंडी धूड खाली उतरवलं. कुठल्यातरी जुन्या ट्रकखालचं असावं. लांबलचक दांडा, खाली म्हशीच्या रेडकाएवढं बूड. आणि सासरे विजयी मुद्रेने उभे!

"मारून बघा! काय हलका चालतो! एका बोटाने, एका बोटाने!"

खरंच एका बोटाने चालत होता. लोण्यातून सुरी फिरवावी तसा. फक्त तो हलवायला दोन माणसं लागत होती!

"बाबा, हा वजनाने..."

"हलका नाही का चालत?" सासऱ्यांचा चेहरा पडला. "चार दुकानं पालथी घातली मी."

आता काय बोलणार? बायकोचे वडील! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हटलं, त्यांच्या समाधानापुरता ठेवून दाखवू, मग हळूच काढू. जागा एकच होती, आसनांच्या मागे. आम्ही कण्हत कुंथत तो आत सरकवला आणि नीट बसला का बघायला मेव्हणा त्याच्यामागे चढला.

विमानाने एकदा विचार केला. मग नाक हळूहळू वर उचललं, शेपूट धाडकन जमिनीवर टेकवली आणि ते बैठक मारून बसलं! शेपटीने मागची फळी पाडली, फळीवरचे निळ्या रंगाचे डबे सासऱ्यांच्या अंगावर पाडले. आतून मेव्हण्याचा आवाज येत होता.

"भावोजी! मला फक्त छत दिसतंय! भावोजी!"

नेमकी तेव्हाच बायको घरी आली. तिने बसलेलं विमान पाहिलं, निळा झालेला बाप पाहिला, छताशी बोलणारा भाऊ पाहिला.

"भंगारवाला किती वाजेपर्यंत उघडा असतो?" तिने विचारलं.

तपासणी दोन दिवसांवर आली. आता शब्दांवर विश्वास नाही, मी ठरवलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा काखेत मारला आणि स्वतः दुकानात गेलो. दुकानातला एकेक पंप काट्यावर ठेवला. सगळ्यात हलका निघाला तो मुठीत मावेल एवढा होता. दांडा माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा.

"साहेब, याचं एक आहे..." दुकानदार म्हणाला.

"काही बोलू नका! आपण दोघं बोललो की घोटाळा होतो. बांधा!"

ते एक काय होतं ते घरी कळलं. आखूड दांड्याला जोर लागतो राक्षसाचा! विमानाबाहेर उभं राहून, एक पाय त्याच्या अंगाला लावून, मी आणि मेव्हण्याने मिळून ओढला तेव्हा कुठे झडपा जेमतेम हलल्या. "नवा आहे, सैल होईल," मी म्हणालो. मेव्हणा मनगट चोळत होता.

तपासनीस आला. किरकोळ अंगाचा, हसण्यावर कर असल्यासारखा. विमान काट्यावर चढलं. त्याने आकडा दोनदा बघितला.

"बसतंय," तो म्हणाला.

मी मेव्हण्याला मिठी मारली, सासऱ्यांना मारली, तपासनिसालाही मारणार होतो.

"आता आत बसा. एक हात विमान वळवायच्या दांडीवर ठेवा, दुसऱ्याने फ्लॅप खाली करून दाखवा."

एका हाताने! मी दट्टा धरला. ओढला. माझा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, मग मला कैलासवासी आजोबा दिसायला लागले. झडपा ढिम्म! "तेल जरा थंड आहे," मी धापा टाकत म्हणालो. तपासनिसाने पेनाचं टोपण काढलं. विमान गेलं होतं. इतके महिने, इतके रविवार, सगळे त्या टोपणाबरोबर गेले. मला खरंच रडू येत होतं.

"सरका जरा," बायको म्हणाली.

"अगं, तुला नाही जमायचं..."

ती शेजारच्या आसनात बसली. बहुधा माझा चेहरा तिला बघवला नसावा. एका हाताने दांडी धरली, दुसऱ्याने पंप. आखडलेले खांदे सोडवणारा तो हात! टक, टक, टक, टक! झडपा शहाण्या मुलांसारख्या खाली आल्या.

"वा," तपासनीस म्हणाला. आमच्याकडे आल्यापासून तेवढाच त्याचा चांगला शब्द. "विमान पास. पण पंप मारू शकणारी व्यक्ती आत बसल्याशिवाय उडवायचं नाही."

"म्हणजे आम्ही दोघं!" मी आनंदाने ओरडलो. "दोघं मिळून उडवू!"

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "काट्यावर या."

आलो. त्याने आकडा लिहिला, बायकोचा मिळवला, मान हलवली.

"दोघांचं मिळून मर्यादेबाहेर जातंय. बाई एकट्या असल्या तर हरकत नाही."

बायकोने चार महिन्यांत परवाना काढला. दर रविवारी उडते. मी मैदानाच्या कडेला पाण्याची बाटली आणि तिची चप्पल घेऊन उभा असतो. परवा एक गृहस्थ शेजारी येऊन थांबले. ती झडपा खाली करून अलगद उतरत होती, आणि ते अगदी टक लावून बघत होते.

"सुंदर!" ते म्हणाले. "विमान तुमचं का हो?"

"नाही," मी म्हणालो, "बायको माझी."