मनगट न सोडणारं घड्याळ

नवं घड्याळ सकाळी साडेदहाला बिनचूकच्या मनगटावर चढलं आणि दहा एकतीसला कळलं, की ते उतरायचं नाव घेत नाही.

बिनचूक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. घड्याळांच्या त्या चार पिढ्या जुन्या पेढीत तो बावीस वर्षं विक्रीला होता आणि गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी उत्तराची सुरुवात "बिनचूक" अशीच करायचा. आज पेढीची दोन नवी घड्याळं शोकेसमध्ये लागायची होती आणि मालक नव्या मॅनेजरचं नाव जाहीर करणार होते. ते नाव आपलंच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्याने त्यासाठी नवा शर्टसुद्धा शिवला होता.

पेढीत एक नियम फार कडक होता. विक्रीचा माल नोकराने स्वतःच्या हातावर चढवायचा नाही, पांढरे हातमोजे घालून नुसता दाखवायचा. मागे एकाने हा नियम मोडला, तो आता भिंतीवरची घड्याळं विकतो, तीही दुसऱ्याच्या दुकानात. पण होणाऱ्या मॅनेजरला मालाचं वजन ठाऊक नको का, असा विचार करून बिनचूकने घड्याळ चढवलं. बक्कल "टक्" करून बसलं आणि बसूनच राहिलं.

त्याने ते दाबलं, ओढलं, नखाने उचकटून पाहिलं. साबण लावावा तर पट्टा कातड्याचा. पट्टा कापावा तर त्यापेक्षा हात कापलेला परवडला असता. हे घड्याळ ज्यांनी घडवलं ते काका, म्हणजे पेढीचे सर्वांत जुने कारागीर, नेमके सकाळीच दाढ काढायला गेले होते. त्यांना फोन लावला, तर बधिर झालेल्या तोंडातून नुसतं "ऊं ऊं" ऐकू आलं.

इतक्यात मालक केबिनमधून बाहेर आले. डाव्या हातावर कोट टाकलेला होता.

"दुसरा नग अजून वर्कशॉपमधून आला नाही," ते घाईघाईने म्हणाले. "आज एकावरच भागवा. कुठाय तो? पेटी रिकामी का दिसतेय?"

बिनचूकने हात पाठीमागे नेला. पण त्याच क्षणी दार उघडलं आणि पेढीच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई आत आल्या. मग मात्र त्याने तो पुढे आणून सरळ काउंटरवर ठेवला.

"या, मॅडम. पेटीतलं घड्याळ काय कुठेही बघायला मिळतं. म्हणून आज खास हातावर ठेवलंय."

मालकांच्या भुवया कपाळावर चढल्या. ते कोट सावरून जवळ येऊन उभे राहिले.

"याची खासियत काय?" बाईंनी विचारलं.

"बिनचूक सांगतो. एकदा घातलं की मनगट सोडत नाही. ओढून बघा हवं तर."

बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी असा हिसका दिला, की बिनचूक कमरेपर्यंत काउंटरवर आला. पेन, पावतीपुस्तक आणि चष्मा खाली पडला. घड्याळ तसूभरही हललं नाही.

"वा," बाई खूश झाल्या. "आमच्या ह्यांनी चार घड्याळं हात धुताना काढून नळापाशी विसरलीत. हेच द्या."

"मागवतो ना, मॅडम. दोन दिवसांत—"

"दोन दिवस कशाला? हेच काढून द्या. आत्ता."

बिनचूकने मग वॉरंटी कार्ड शोधलं, ते सावकाश भरलं, खोडलं आणि पुन्हा भरलं. पेढीचा इतिहास पणजोबांपासून सांगितला. तो आजोबांपर्यंत आला तेव्हा बाईंनी काउंटरवर बोटं वाजवायला सुरुवात केली.

"अहो, पण हे काढायचं कसं?"

"बिनचूक विचारलंत. पहिला नग आमचे काका स्वतः काढून देतात. पेढीची पद्धत आहे."

ही पद्धत जन्माला येऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं, तोच गाल फुगलेले काका दारात उभे राहिले. त्यांनी बिनचूकच्या हाताकडे पाहिलं, कडेची चावी जराशी बाहेर ओढली, काटा थांबवला आणि बक्कल दाबलं. घड्याळ अलगद त्यांच्या तळहातावर आलं.

"आधी थांबवायचं, मग काढायचं," काका अर्ध्या तोंडाने म्हणाले. "म्हणजे काढलंय हे लक्षात राहतं. माहितीपत्रकासाठी लिहून दिलं होतं मी."

बिनचूकला ते वाक्य आठवलं. फारच रूक्ष वाटलं म्हणून त्यानेच ते खोडलं होतं आणि त्या जागी 'एकदा घातलं की मनगट सोडत नाही' असं टाकलं होतं. मालकांनी त्यावर 'वा' असा शेरा मारून सही केली होती.

बाई घड्याळ घेऊन गेल्या. मालक म्हणाले, "बिनचूक, आत या. काका, तुम्हीही."

केबिनपर्यंतच्या दहा पावलांत बिनचूकने मनातल्या मनात भिंतीवरची घड्याळं विकून पाहिली. बावीस वर्षं एका मिनिटाच्या हौसेपायी गेली, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. मालकांनी दार लावलं, कडी घातली आणि डाव्या हातावरचा कोट बाजूला केला.

दुसरा नग तिथे होता.

"काल संध्याकाळपासून आहे," मालक हळू आवाजात म्हणाले. "घरी सांगितलंय हात मुरगळला म्हणून. बायकोने दोनदा शेकला."

काकांना हसायचं होतं, पण तोंड साथ देईना. मालकांनी हात टेबलावर ठेवला आणि बिनचूककडे पाहिलं.

"मॅनेजर झालात तर पहिलं काम काय कराल?"

"काकांचं वाक्य पत्रकात परत घालीन, साहेब."

"आणि आज?"

बिनचूकने खिशातून पांढरे हातमोजे काढून शांतपणे चढवले.

"आज दुसरा नग आत्ताच वर्कशॉपमधून आला," तो म्हणाला. "मी स्वतः पेटीत ठेवला."

मालकांनी मान डोलावली आणि काकांनी चावी ओढली.